बेसिलची हजामत

वस्तादांचं दुकान सुटलं होतं, पण कात्री सुटली नव्हती. चव्वेचाळीस वर्षं सलूनमध्ये उभं राहून लोकांचे केस कापलेला हा माणूस तीन महिन्यांपूर्वी घरी बसला, आणि तेव्हापासून घरातल्या कुठल्याही लोंबत्या वस्तूची धडगत राहिली नाही. टॉवेलांच्या दशा गेल्या. पायपुसण्याचे दोरे गेले. केरसुणीचं टोक इतकं एका रेषेत आलं की तिने कोपऱ्यातला कचरा निघेना. सूनबाईच्या शालीचे गोंडे तेवढे वाचले, कारण तिने ती शाल वेळीच कपाटात घालून कपाटाला कुलूप लावलं.

घरी बसायचं कारण म्हणजे मास्तरांचा कान. मास्तर शाळेतले, तीस वर्षांचं गिऱ्हाईक. त्यांच्या डाव्या कानाला वस्तादांची कात्री लागली. रक्त फार आलं नाही, कापसाच्या एका बोळ्यावर भागलं. पण मास्तर ओरडले ते अख्खा वर्ग गप्प करायच्या आवाजात, आणि बाकावर वाट बघत बसलेली तीन माणसं काहीतरी काम आठवून उठून गेली.

वस्तादांच्या मते चूक मास्तरांची होती. मास्तर हलले. हे त्यांनी मुलाला सांगितलं, सुनेला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं आणि गॅसचा सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला त्याने काही विचारलं नसताना सांगितलं. गिऱ्हाइकाने हलायचं नसतं, कारागिराने त्याच्याभोवती फिरायचं असतं, हा धंद्याचा पहिला नियम. तो मास्तरांसारख्या शिकल्यासवरल्या माणसाने मोडावा, याचं त्यांना फार वाईट वाटे.

दुकान आता मुलगा बघत होता. मुलगा मितभाषी, कुणाला दुखवायचं म्हटलं तर आधी स्वतः आजारी पडणारा. तो फक्त एवढंच म्हणाला, की बाबा, आता आराम करा. वस्तादांनी आराम करून पाहिला. तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपला.

खरं सांगायचं तर त्यांना दुकान परत नकोच होतं. त्यांना हवं होतं एक डोकं. कुणीतरी आपण होऊन पुढ्यात बसावं, मान खाली घालावी आणि म्हणावं, घ्या, कापा. एकाने तरी. आणि तो एक जण कोण असावा हे त्यांनी मनाशी ठरवलेलं होतं, पण तिथेच खरं दुखणं होतं. मुलगा एके सकाळी उंबऱ्यात वाकून बुटाची नाडी बांधत होता, तेव्हा वस्तादांना त्याची मान दिसली. मानेवरची रेघ उजवीकडे किंचित चढती होती. ती चौकापलीकडच्या सलूनवाल्याची रेघ होती. जन्मापासून ज्याचे केस दुसऱ्या कुणी कापले नाहीत, तो पोरगा गुपचूप जाऊन परक्याच्या खुर्चीत बसून आला होता. त्या दिवशी केरसुणीचा आणखी दोन बोटं तुकडा पडला.

घराच्या मागे छोटंसं अंगण होतं आणि तिथे सूनबाईचं राज्य होतं. ती एका तपासणी प्रयोगशाळेत काम करायची. दिवसभर लोकांच्या रक्ताच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवून घरी आली, की पहिली मागच्या दारी जायची. रंगाच्या रिकाम्या डब्यांना बुडाला भोकं पाडून तिने बारा कुंड्या केल्या होत्या आणि बाराही कुंड्यांत बेसिल, म्हणजे तुळशीची परदेशी बहीण, लावलं होतं. बी तिने स्वतः पेरलं होतं, काळं, बारीक, पाण्यात पडलं की फुगून बुळबुळीत होणारं. आता रोपं वीतभर झाली होती. मोठी, गुळगुळीत, मधोमध जराशी फुगीर पानं. नुसता हात लागला तरी बोटांना बडीशेप आणि लवंग एकत्र कुटल्यासारखा वास यायचा. पाणी सकाळी घालायचं, बुडाशी घालायचं, पानांवर नाही. दुपारचं कडक ऊन लागू द्यायचं नाही. हे सगळं ती जेवताना सांगत असे. वस्ताद त्याला 'तुझा पाला' म्हणायचे आणि दुसऱ्या कानाने सोडून द्यायचे.

रविवारी प्रयोगशाळेतले पंधरा जण तिच्याकडे जेवायला यायचे होते. टोमॅटोच्या चकत्या, पांढरं ताजं चीज, पाव, आणि वर बेसिलची अख्खी पानं, असा तिचा बेत होता. शनिवारी ती कामावर गेली आणि वस्ताद सहज म्हणून मागच्या दारी आले. रोपं बघून त्यांचा जीव कासावीस झाला. एक फांदी इकडे, एक तिकडे. कडा वर-खाली. पाहुणे यायचे आणि घरातली पोरं अशी झिपरी.

त्यांनी आतून कात्री आणली. जुनी, लांब पात्यांची, जी त्यांनी दुकानातून येताना 'चुकून' खिशात घातली होती. कुंडीखाली वर्तमानपत्र पसरलं. पिचकारीच्या बाटलीने पानं ओली केली. कंगवा लावायचा मोह त्यांनी कसाबसा आवरला, पण पहिल्या कुंडीला मीडियम करू की बारीक, हे विचारल्यावाचून त्यांना राहवलं नाही. मग दोन तास कात्री अशी चालली की बस्स. पानं अर्धी, पाव, तिरपी, जशी मधे आली तशी कापली गेली आणि एकेक रोप चेंडूसारखं गोल झालं. अकरा झाली. बाराव्यापाशी चहाची वेळ झाली, म्हणून ते उठले. चहा पिताना ते शीळ घालत होते.

सूनबाई संध्याकाळी आली, तोवर कापलेल्या प्रत्येक पानाची कड काळी पडली होती. अकरा कुंड्यांत अकरा गोळे, आणि प्रत्येकाला दुखवट्याच्या पत्रासारखी काळी किनार. ती दारातच उभी राहिली. तिने एकदा कुंड्यांकडे पाहिलं, एकदा सासऱ्यांकडे, आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, "असू द्या, बाबा."

वस्तादांच्या ते जिव्हारी लागलं.

"असू द्या म्हणू नकोस," ते म्हणाले. "चिड माझ्यावर. ज्याच्याकडून नीट काम व्हावं असं वाटतं, त्याच्यावर माणूस चिडतो. तीन महिने झाले, मला सगळे नुसतं असू द्या, असू द्या करतायत."

सूनबाईने पदर खोचला, श्वास घेतला आणि मग जी काय सुरुवात केली ती पंधरा मिनिटं थांबली नाही. अकरा कुंड्यांची वाट लावलीत, पानं म्हणजे केस वाटले का, विचारायला तोंड नव्हतं का, त्या केरसुणीपासून मी गप्प बसलेय. तिने त्यांची बिनपाण्याने हजामत केली. वस्ताद स्टुलावर बसून मान खाली घालून ऐकत होते. आयुष्यभर दुसऱ्यांची करणाऱ्या माणसाला स्वतःची होताना इतकं बरं वाटेल, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

राग संपल्यावर तिने बारावी कुंडी त्यांच्यापुढे ठेवली आणि शिकवायला बसली. पानाला कात्री लावायचीच नाही. देठ बघायचा. देठावर पानांची समोरासमोर जोडी असते आणि जोडीच्या बगलेत दोन इवले कोंब असतात. त्या जोडीच्या जरासं वर देठ कापायचा. वरचं गेलं की ते दोन कोंब जोर धरतात आणि एकाच्या जागी दोन फांद्या येतात. पुढच्या खेपेला दोनाच्या चार. आणि शेंड्याला तुरा धरलेला दिसला की तो लगेच खुडायचा, कारण एकदा का झाड फुलावर आलं की पानं कडवट होतात आणि झाड आपलं आयुष्य आटोपतं घेतं.

वस्ताद थक्क झाले. म्हणाले, "चव्वेचाळीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाचे एकाचे दोन झालेले पाहिले नाहीत. दोनाचे एक झालेले मात्र पुष्कळ."

त्या संध्याकाळी दोघांनी बसून कापलेल्या पानांच्या काळ्या कडा काढून टाकल्या आणि उरलेला हिरवा चुरा लसूण, अक्रोड, मीठ आणि तेल घालून खलबत्त्यात कुटला. रविवारी पाहुण्यांनी तो पावावर लावून असा खाल्ला, की बाराव्या कुंडीतल्या अख्ख्या पानांकडे कुणाचं लक्षसुद्धा गेलं नाही. कृती कुणाची, असं एकीने विचारलं. सूनबाई म्हणाली, कापायचं काम बाबांचं. वस्तादांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

तेव्हापासून बेसिल वस्तादांकडे आलं. स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून एक बाक होता, त्यावर ते सकाळी आठला बसायचे, कुंड्या समोर रांगेत, आणि एकेकीला पुढ्यात घ्यायचे. महिन्याभरात झाडं अशी डेरेदार झाली, की डबे दिसेनात. पानं इतकी निघू लागली की घर वासाने भरून गेलं. टोमॅटोच्या सूपमध्ये पानं, पाण्याच्या जगमध्ये पानं, अंड्यावर पानं. मुलगा एकदा म्हणाला, की चहात तरी घालू नका, तर वस्तादांनी त्याला चहात घालून दिली. उरलेल्या जुड्या ते गल्लीत वाटायचे आणि प्रत्येक जुडीबरोबर फुकटचं व्याख्यान. जोडीच्या वर कापायचं, खाली नाही. पान म्हणजे केस नव्हे. हे वाक्य ते असं म्हणत, जणू समोरच्याने तशी चूक केली होती.

पण सूनबाईच्या लक्षात एक गोष्ट आली होती. सगळ्या कुंड्यांची एक बाजू कशी आखीवरेखीव, आणि दुसऱ्या बाजूला खुडायचे राहिलेले तुरे, मधेच कापलेले देठ, क्वचित अर्धं पान. आणि ती बाजू दर वेळी तीच, बाकावर बसणाऱ्याच्या डाव्या हाताची. आधी तिला वाटलं, उन्हामुळे असेल. त्या बाजूला ऊन जास्त, म्हणून तुरे लवकर येत असतील. मग ती प्रयोगशाळेतली बाई असल्यामुळे तिने प्रयोग केला. एका रविवारी बाक उचलून समोरच्या भिंतीला लावला, म्हणजे जास्त ऊन वस्तादांच्या उजव्या हाताला यावं, आणि सगळ्या कुंड्यांच्या उन्हाकडच्या बाजूला खडूने खूण केली. पुढच्या रविवारी पाहिलं तर बाराही कुंड्यांचे नवे तुरे पुन्हा वस्तादांच्या डावीकडेच होते. उन्हाची बाजू बदलली होती, वस्तादांची बदलली नव्हती.

ती त्यांच्या शेजारी बाकावर येऊन बसली आणि बोट दाखवून हे तुरे कसे राहिले, असं विचारलं. वस्ताद म्हणाले, वारा असतो सकाळी. झाड हलतं.

"बारा झाडं हलली का, बाबा?" ती म्हणाली. "आणि सगळी डावीकडेच?"

वस्तादांनी कात्री उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मग ते म्हणाले, "मास्तर हलले नव्हते."

एकदा ते निघाल्यावर बाकीचं आपोआप निघालं. वर्षभरापासून डाव्या बाजूची कड त्यांना दिसत नव्हती. समोरचं लख्ख दिसायचं. पेपर वाचायचे, सुईत दोरा ओवायचे. पण डावीकडून कंगवा पुढे आणला की तो मधेच कुठे तरी नाहीसा व्हायचा आणि मग एकदम दिसायचा. इतके दिवस ते सवयीवर आणि बोटांवर काम ढकलत होते. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर दुसऱ्याच दिवशी घरी बसावं लागलं असतं. न सांगून तेच झालं, फक्त मास्तरांचा कान त्यात फुकट गेला.

सूनबाईला त्यांचा राग आला आणि रडूही आलं, आणि यावेळी तिने दोन्हीही लपवलं नाही. उद्याच्या उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे, असं तिने ठणकावलं. आणि नवऱ्याला मी सांगणार नाही, तुम्हीच सांगायचं. वस्ताद म्हणाले, आधी तो मला गिऱ्हाईक देत नव्हता, आता कात्रीसुद्धा काढून घेईल. ती म्हणाली, तेही तोंडावर ऐकून घ्या.

डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं आणि काचबिंदू असल्याचं सांगितलं. गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती राखता येईल. रोज न चुकता थेंब घालायचे. घरी येताना वस्ताद एकच वाक्य बोलले, की ती डॉक्टर पोरगी डोळ्यांच्या कामात चांगली आहे, पण तिचे केस कापणाऱ्याला मात्र कुणीतरी शिकवायला हवं.

त्याच दिवशी जेवताना त्यांनी मुलाला सांगितलं. सगळं सांगितलं, मास्तरांसकट. मुलाने ऐकलं, हातातला घास ताटात ठेवला, उठला आणि हात धुवायला गेला. पुढचे चार दिवस तो त्या विषयावर चकार शब्द बोलला नाही. वस्ताद समजले. एवढे दिवस कुठे तरी आत आशा होती, की पोरगा येईल, एक दिवस येईल. ती त्यांनी स्वतःच्या हाताने संपवली होती. त्यांना फार एकटं वाटलं. ते बाकावर बसून कुंड्या फिरवून फिरवून कापत राहिले, आधी उजवी बाजू, मग कुंडी फिरवायची, की डावी उजवीकडे यायची. एकही तुरा सुटत नव्हता, पण त्यात काही गोडी राहिली नव्हती.

सोमवारी दुकान बंद असतं. सकाळी वस्ताद बाकावर बसलेले असताना मुलगा मागच्या दारी आला. त्याच्या एका हातात स्टूल होतं, दुसऱ्या हातात दुकानातला पांढरा कपडा. त्याने स्टूल कुंड्यांशेजारी ठेवलं, वडिलांकडे पाठ करून बसला आणि कपडा स्वतःच गळ्याभोवती बांधून घेतला.

"केस वाढलेत, बाबा."

"का? चौकापलीकडचा रजेवर आहे का?"

मुलाचे कान लाल झालेले पाठीमागूनही दिसले. "तुम्हाला माहीत होतं?"

"मानेवर सही करून पाठवतो तो," वस्ताद म्हणाले. "उजवीकडे चढती."

मुलाने गळ्यातल्या कपड्याची गाठ सारखी केली. मग समोरच्या भिंतीकडे बघतच म्हणाला, "कानाची भीती नव्हती हो. दुकानात समोर आरसा आहे. तुमचा हात चुकला असता तर मला दिसलं असतं. आणि मला दिसलं, हे तुम्हाला दिसलं असतं. ते मला नको होतं."

वस्तादांनी पिचकारीची बाटली उचलली आणि गरज होती त्याच्या दुप्पट पाणी मारलं, म्हणजे आपलं तोंड पुसून घ्यायला निमित्त मिळालं. मग कंगवा घातला. तेच डोकं, तोच मागचा भोवरा, जो लहानपणी कितीही पाणी लावलं तरी बसायचा नाही. उजवी बाजू त्यांनी सावकाश, मजेत कापली. कात्रीचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला असावा, कारण आत चाललेली भांड्यांची खडबड थांबली.

उजवी झाली. आता डावीकडे जायचं. चव्वेचाळीस वर्षं ते खुर्चीभोवती फिरले होते. पाय आपोआप उचललाही गेला. तिथे गेलं की डोकं अर्धं दिसणार, अर्धं अंदाजाने कापायचं. मान वळवून, डोळा तिरपा करून जमलंही असतं कदाचित. मुलगा गप्पच बसला असता, कान कापला असता तरी. वस्ताद उचललेला पाय खाली ठेवून होते तिथेच उभे राहिले.

"जरा फिरून बस," ते म्हणाले. "मला इकडून दिसत नाही."

मुलगा उठला, त्याने स्टूल फिरवलं आणि पुन्हा बसला. डावी बाजू आता वस्तादांच्या डोळ्यांसमोर आली. त्यांनी कानावरचे केस कंगव्याने वर घेतले आणि हात थांबला. आत पांढरे केस होते. दोन-चार नव्हेत, चांगले मूठभर. रोज समोर वावरणाऱ्या आपल्या मुलाच्या डोक्यावर ते उगवले, वाढले, आणि त्यांना पत्ता नव्हता.

"हे कधीपासून रे?"

"झालं असेल वर्षभर."

"मला सांगायचंस की."

"तुम्ही तरी कुठे सांगितलंत," मुलगा म्हणाला.

वस्तादांनी मुलाचं डोकं दोन बोटांनी जरासं पुढे वाकवलं, पांढरे केस उजेडात घेतले आणि काळ्यांच्या बरोबरीने, एकेक बघून, कापायला सुरुवात केली.